नकलेचा आळ आलेला मेटल अल्बम कसा ऐकावा

"ही तर ॲट द गेट्सची सरळसरळ कॉपी आहे," असं स्वीडनच्या या बँडचं नाव घेऊन, एखाद्या मेलोडिक डेथ मेटल (सुरेल गिटारवर ओरडून, गुरगुरून गायलेलं मेटल) अल्बमबद्दल कुणीतरी म्हणतं आणि लगेच दोन तट पडतात. एक तट अल्बम न ऐकताच निकालात काढतो. दुसरा 'असेना कॉपी, वाजतंय भारी' म्हणत आवाज वाढवतो. मी कोथरूडला घरी गिटारचे क्लास घेते. दोन्ही तटांतली पोरं माझ्यासमोर एकाच सतरंजीवर मांडी घालून बसतात आणि दोघांचंही ऐकणं सारखंच अर्धवट असतं. त्यांना मी जे करायला लावते तेच इथे लिहिते आहे. गिटार येत नसली तरी यातलं बरंचसं जमेल. एक वही, बरे हेडफोन आणि थोड्या निवांत संध्याकाळी, एवढंच लागतं.

आधी वहीचं सांगते. संगीत नाटकांची जुनी पुस्तकं कधी चाळली असतील तर पदाच्या डोक्यावर बारीक टायपात 'चाल' असं छापून पुढे भलत्याच गाण्याची ओळ दिलेली दिसते. अण्णासाहेब किर्लोस्करांचं शाकुंतल 1880 साली इथेच पुण्यात रंगभूमीवर आलं. त्यातल्या पदांच्या चाली साक्या, दिंड्या, लावण्या, कानडी पदं अशा ठिकठिकाणाहून उचललेल्या होत्या. लपवाछपवी नव्हती, उलट छापून सांगितलेलं होतं. माझी आई हार्मोनियम शिकवायची, त्यामुळे असली पुस्तकं घरात पडलेली असायची आणि 'हे पद कशावरून बांधलंय' हा प्रश्न आमच्याकडे भाजी काय केलीय इतक्या सहज विचारला जायचा. मेटल ऐकताना मी तीच सवय लावते. वहीत प्रत्येक गाण्याचं नाव लिहायचं आणि त्याच्या डोक्यावर लिहायचं, चाल: अमुक बँड, अमुक अल्बम, अमुक साल. उसनं काय घेतलंय ते एकदा कागदावर आलं की ते वजा करून उरतं काय, हे ऐकायला कान मोकळे होतात.

उदाहरणाला एकच अल्बम घेऊ. अमेरिकेतल्या मिशिगनचा बँड 'द ब्लॅक डेलिया मर्डर' आणि त्यांचा 2003 चा पहिला पूर्ण अल्बम 'अनहॅलोड'. मेटल ब्लेड कंपनीने काढलेला. यावर स्वीडिश बँडांची, त्यातही ॲट द गेट्सची, नक्कल असल्याचा शिक्का पहिल्या दिवसापासून आहे. आपण कुणाचे चाहते आहोत हे बँडनेही कधी लपवलं नाही.

आधी सालं लावा

आमच्या पिढीची गोची इथेच झाली. दोन हजारच्या दशकात पुण्यातल्या इंजिनिअरिंगच्या होस्टेलांत मेटल पोचायचं ते डीसी प्लस प्लसवरून (होस्टेलच्या नेटवर्कवर एकमेकांच्या फायली घ्यायचं सॉफ्टवेअर), नाहीतर तपकीर गल्लीच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून आणलेल्या कोऱ्या सीडीवर कुणीतरी भरून दिलेलं. फोल्डरला बँडचं नाव असायचं, साल नसायचं. आजोबा आणि नातू एकाच दिवशी, एकाच सीडीवर घरी यायचे. ज्याने नातू आधी ऐकला त्याला आजोबा पुढे जुनाट वाटायचे. आजच्या मुलांच्या ॲपमध्ये साल असतं, पण ते बघतं कोण? माझा अकरावीतला एक विद्यार्थी ॲट द गेट्स पहिल्यांदा ऐकून म्हणाला, "ताई, हे ब्लॅक डेलियासारखंच आहे, फक्त जरा हळू." त्याला बोल लावण्यात अर्थ नव्हता. त्याच्या हातात मी वही दिली.

वहीच्या पहिल्या पानावर सालं उतरवा. 1982 पासून सुरुवात करा, इंग्लंडच्या आयर्न मेडन बँडच्या 'द नंबर ऑफ द बीस्ट'पासून. दोन गिटार एकाच सुरावटीच्या दोन पट्ट्या धरून एकत्र धावतात ती तऱ्हा मेडनने घराघरात पोचवली. तीही त्यांच्या आधी थिन लिझीने वाजवलेली, पण आपल्याला इतकं खोल जायचं नाही. (2007 च्या मार्चमध्ये मेडन बेंगळुरूला आले तेव्हा पुण्यातल्या काळ्या टीशर्टवाल्यांनी उद्यान एक्सप्रेसमध्ये काय धुमाकूळ घातला त्याचे किस्से अजून ऐकायला मिळतात. असो.)

त्यानंतर 1992 लिहा, ॲट द गेट्सचा पहिला अल्बम. मग 1993, इंग्लंडच्या कारकसचा 'हार्टवर्क'. 1995 ला दोन नोंदी, डार्क ट्रँक्विलिटीचा 'द गॅलरी' आणि ॲट द गेट्सचा 'स्लॉटर ऑफ द सोल'. 1996 ला इन फ्लेम्सचा 'द जेस्टर रेस'. मग मोठी रिकामी जागा सोडा आणि 2003 ला 'अनहॅलोड' लिहा. ती रिकामी जागा मुद्दाम सोडायला सांगते आहे. पुढे तिचा उपयोग आहे.

या पानावरचे तीन स्वीडिश बँड एकाच शहरातले, गोथेनबर्ग भागातले. एकाच स्टुडिओत, फ्रेडरिक नॉर्डस्ट्रॉमच्या 'स्टुडिओ फ्रेडमन'मध्ये, त्यांचं येणंजाणं. डार्क ट्रँक्विलिटीच्या पहिल्या अल्बमात गाणारा अँडर्स फ्रिडेन पुढे इन फ्लेम्सचा गायक झाला आणि इन फ्लेम्सच्या पहिल्या अल्बमात गायलेला मिकाएल स्टाना डार्क ट्रँक्विलिटीचा. म्हणजे ज्याला आपण 'अस्सल' म्हणून डोक्यावर घेतो तोही एका आळीतल्या पोरांचा सामाईक ऐवज होता. वहीत 'स्लॉटर ऑफ द सोल'च्या डोक्यावरही चाल लिहाच. मेडन लिहा, अमेरिकेतला थ्रॅश, म्हणजे वेगवान मेटलचा, बँड स्लेअर लिहा, आणि ठेक्यासाठी इंग्लंडचा पंक बँड डिसचार्ज. मूळ अल्बमवरही उधारी लिहिली की पोरांचा आवाज जरा खाली येतो.

मूळ अल्बम नीट ऐका, आणि त्याच्या आधीचाही

'स्लॉटर ऑफ द सोल' चौतीस मिनिटांचा आहे. कोथरूडहून स्वारगेटला जाऊन परत येईपर्यंत संपतो, ट्रॅफिकने कृपा केली तर. पण पीएमपीच्या बसमध्ये ऐकू नका. इंजिनाची घरघर नेमकी बास गिटार आणि बास ड्रमच्या पट्टीत बसते आणि त्या दोन गोष्टी गिळून टाकते. घरी ऐका. फोनचा बास बूस्ट बंद करा, आणि सेटिंगमध्ये मोनो ऑडिओ चालू नाही ना ते बघा. ते का, ते पुढे येईल.

पहिल्यांदा नुसती गाण्यांची लांबी आणि बांधणी बघा. बहुतेक गाणी तीन मिनिटांच्या आसपास. रिफ, म्हणजे गिटारचा पुन्हापुन्हा येणारा छोटा तुकडा, येते, दोनदा-चारदा फिरते, कडवं, ध्रुवपद, पुन्हा कडवं, मध्ये एखादा सोलो, संपलं. 'कोल्ड' नावाच्या गाण्यातला सोलो तर किंग डायमंडच्या बँडमधल्या अँडी लारॉकने पाहुणा म्हणून वाजवलेला आहे. आता लगेच 1992 चा पहिला अल्बम लावा. तिथे गाणी वेडीवाकडी वळणं घेतात, मध्येच व्हायोलिन येतं, एक कल्पना मुरायच्या आत दुसरी सुरू. ती विचित्र बांधणी बरीचशी गिटारवादक आल्फ स्वेन्सनच्या डोक्यातली. तो 1993 ला बाहेर पडला आणि पुढे बँड सरळ होत गेला.

माझ्या मते नकलेचं मर्म इथे आहे. 1992 च्या अल्बमची नक्कल फारशी कुणी केली नाही, कारण ती करायची कुठून हेच कळत नाही. 1995 चा अल्बम मात्र शिकता येतो. वाजवायला सोपा म्हणत नाही मी, उजव्या मनगटाचा पार जीव काढतो. पण त्याचा सांगाडा उघडा आहे. चौदा वर्षांच्या पोराला चार रविवारांत त्याची घडण दिसते. ज्याची घडण दिसते त्याचीच नक्कल होते.

एका कानाने ऐका

आता 'अनहॅलोड' लावा. कुठलंही एक गाणं निवडा आणि हेडफोनचा उजवा कान काढून ठेवा. या संगीतात ऱ्हिदम गिटार दोनदा, वेगवेगळी वाजवून एक डावीकडे आणि एक उजवीकडे ठेवायची पद्धत आहे. सगळं एकदम ऐकलं की नुसता गोंगाट वाटतो, एका बाजूने ऐकलं की माणसाचा हात ऐकू येतो. (मोनो चालू असेल तर दोन्हीकडे सारखंच वाजेल, म्हणून मघाची सूचना.) मग कान बदला. ज्या जागी दोन्ही बाजूंना वेगळे सूर मिळतील तिथे वहीत खूण करा. ती हार्मनीची जागा.

नंतर वेग कमी करा. यूट्यूबवर 0.75 पुरतो, फारच दाट असेल तर 0.5. वेग उतरला की 'सळसळ' वाटणारी गोष्ट उलगडते. एकच सूर पिकने वरखाली भराभर छेडलेला असतो, त्याला ट्रेमोलो म्हणतात, आणि त्या सळसळीच्या आत एक साधी सुरावट हळूहळू सरकत असते. ती सुरावट तोंडाने गुणगुणा. गुणगुणता आली नाही तर अजून ऐकू आलेली नाही.

आता सरगम. या अल्बमांतल्या बऱ्याचशा सुरावटी मायनर स्केलच्या, म्हणजे ग, ध, नी कोमल आणि बाकी शुद्ध. आपल्याकडचा आसावरी थाट. काही ठिकाणी नी शुद्ध होतो आणि ध कोमलच राहतो. तिथे एकदम कीरवाणी उभी राहते. आईला मी एकदा गोथेनबर्गचं असंच काहीतरी ऐकवलं होतं. ती डोळे मिटून म्हणाली, "कीरवाणीचे सूर आहेत. चाल बरी आहे की. तो मेला ओरडतोय कशाला पण?" वहीत मी हे वाक्य लिहून ठेवलं आहे, कारण मेलोडिक डेथ मेटलची याहून नेमकी समीक्षा माझ्या वाचनात नाही.

हार्मनी ओळखायची तर घरात पेटी असल्यास पेटीवर बसा. मायनर स्केलमध्ये सा धरा आणि सोबत कोमल ग. मग रे आणि म. मग कोमल ग आणि प. म आणि कोमल ध. असं एक सूर सोडून पुढचा धरत सप्तक चढा. दोन बोटं जोडीने चालतात. हाच तो मेडनचा आवाज, हाच गोथेनबर्गचा. गंमत अशी की दोन बोटांमधलं अंतर सगळीकडे सारखं नाही. सा, रे, म, प या सुरांवर ते तीन अर्धस्वरांचं, तर कोमल ग, कोमल ध, कोमल नी यांवर चार अर्धस्वरांचं. नवशिकी पोरं गिटारवर एकच आकार धरून वरखाली सरकवतात, सगळीकडे तीनच ठेवतात, आणि मग 'ताई, बेसूर का लागतंय' विचारतात. स्केलच्या आत राहून जोडी चालवावी लागते, म्हणून. पेटीवर एकदा हाताला बसलं की पुढे कुठल्याही अल्बमात ही जोडी धावताना तुम्ही चुकणार नाही.

इतकं झालं की 'अनहॅलोड'च्या पानावर चाल भराभर भरली जाते. सळसळत्या मायनर सुरावटी, चाल: ॲट द गेट्स, 1995. जोडीने धावणाऱ्या गिटार, चाल: गोथेनबर्ग, त्यामागे मेडन. दोन आवाजांत गाण्याची तऱ्हा, चाल: कारकस. माझ्या त्या विद्यार्थ्याचं पान असंच भरलं आणि त्याचा चेहरा उतरला. लाडक्या बँडचं सगळं उसनंच निघालं! त्याला म्हटलं, थांब, ड्रम राहिलेत.

ढोलपथकात वाजवलं असेल तर फायदा घ्या

वेगवान मेटलच्या ड्रमसमोर नवखा माणूस हरवतो, कारण तो प्रत्येक ठोका मोजायला जातो. पुण्यातल्या पोरांना हे दोन मिनिटांत समजतं. ताशाची तर्री कितीही दाट पडत असली तरी आपले पाय ढोलाच्या ठेक्यावर पडतात, तसं इथेही वरच्या दाट ठोक्यांकडे दुर्लक्ष करा आणि रिफ कधी पुन्हा पहिल्यापासून सुरू होते ते बघा. बहुतेकदा चार किंवा आठच्या घरात सापडते.

मग दोन प्रकार वेगळे करा. पहिला, ढुम-टप ढुम-टप असा पळता ठेका. स्नेअर, म्हणजे तो टप वाजणारा ड्रम, ठोक्याला ठोका स्वच्छ ऐकू येतो, डोकं आपोआप हलतं. 'स्लॉटर ऑफ द सोल'मध्ये ॲड्रियन अर्लँडसन मुख्यतः या पळत्या, थ्रॅश आणि पंकच्या घरातल्या ठेक्यांवर अल्बम ओढून नेतो. दुसरा ब्लास्ट बीट. स्नेअर, बास ड्रम आणि झांज अशी काही भराभर पडतात की वेग जाणवण्याऐवजी एक सपाट थरथर तयार होते. त्या 1995 च्या अल्बमात ब्लास्ट जवळपास नाहीच. 'अनहॅलोड'मध्ये तो जागोजागी आहे.

हा फरक लहान नाही. त्याच सुरावटीखाली पळता ठेका असला तर ती ध्रुवपदासारखी उचलली जाते, ब्लास्ट असला तर तीच सुरावट हळू, तरंगती वाटते, कारण खालचं सगळं धूसर झालेलं असतं. म्हणजे सूर स्वीडनचे, पण त्यांच्याखालची जमीन अमेरिकन डेथ मेटलची. पोराच्या वहीत ही पहिली ओळ, जिच्यावर ॲट द गेट्सची चाल लिहिता आली नाही.

दुसरी ओळ आवाजाची. ॲट द गेट्सचा टोमास लिंडबर्ग मुख्यतः एकाच आवाजात गायचा. फाटलेला, ताणलेला, माणूस खरंच हातघाईवर आलाय असं वाटायला लावणारा. ब्लॅक डेलियाचा ट्रेव्हर स्ट्रनाड एकटाच दोन आवाज काढतो, एक वरचा किंचाळता आणि एक खोल गुरगुरता, आणि एकाच ओळीत इकडून तिकडे उडी मारतो. दोन आवाजांची कल्पना कारकसकडची असेल, पण कारकसमध्ये ती माणसं वेगवेगळी होती. इथे एकाच माणसाचा स्वतःशी संवाद चालतो. शब्द कळत नाहीत म्हणून हिरमुसू नका. गाण्याचे शब्द समोर ठेवून एकदा वाचा, मग कागद उलटा ठेवून ऐका. भयपटातल्यासारखी प्रेतं आणि स्मशानं आहेत, थोडा वात्रटपणाही आहे. लिंडबर्गच्या शब्दांतली घुसमट इथे नाही. नसली तरी चालतं.

माझं मत विचाराल तर 'अनहॅलोड' चांगला अल्बम आहे, थोर नाही. मधली काही गाणी एकमेकांत मिसळतात, दुसऱ्या दिवशी आठवत नाहीत. 'स्लॉटर ऑफ द सोल'मध्ये एक रिफ फेकून देण्यासारखी नाही. पण हे मत मी वही भरल्यावर देते आहे, भरायच्या आधी नाही. वादात ते वजन पडतं.

इतका लोकप्रिय का झाला, तेही वहीतच शोधा

आता ती सोडलेली रिकामी जागा बघा. 1996 नंतर काय झालं? 'स्लॉटर ऑफ द सोल' गाजायला लागला आणि त्याच सुमाराला ॲट द गेट्स फुटला. म्हणजे अल्बम दुकानात, मागणी वाढती, आणि बँड बंद. 2008 मध्ये ते पुन्हा एकत्र येऊन मंचावर गेले, नवा अल्बम यायला 2014 उजाडलं. इन फ्लेम्स दरम्यान हळूहळू वेगळ्या, सोप्या वाटेला लागले होते. ज्या अमेरिकन पोराला 2003 साली 1995 सारखं काही नवीन, त्याच्या गावच्या क्लबात वाजणारं हवं होतं, त्याला ते देणारं मूळ दुकानच उघडं नव्हतं. ब्लॅक डेलिया, ॲज आय ले डाइंग, डार्केस्ट अवर असे बँड त्या जागेत शिरले. डार्केस्ट अवरने तर 2003 चा अल्बम थेट गोथेनबर्गला जाऊन, स्टुडिओ फ्रेडमनमध्येच केला आणि त्यात लिंडबर्ग पाहुणा म्हणून गायला. ज्यांची नक्कल म्हणतात ते स्वतः स्टुडिओत हजर! आपल्याकडे असं झालं असतं तर 'गंडा बांधला' म्हणाले असते आणि विषय संपला असता.

2005 च्या ओझफेस्टची, म्हणजे अमेरिकेत गावोगाव फिरणाऱ्या मेटल महोत्सवाची, यादी वहीत उतरवा, या सगळ्या प्रकरणाची वंशावळ एका पानावर मिळते. मोठ्या मंचावर ब्लॅक सॅबथ, आयर्न मेडन आणि इन फ्लेम्स. दुसऱ्या मंचावर द ब्लॅक डेलिया मर्डर, ॲज आय ले डाइंग, आर्च एनेमी, आणि शिवाय द हाँटेड, म्हणजे ॲट द गेट्सच्या ब्यॉर्लर बंधूंचा पुढचा बँड. पणजोबांपासून पणतूपर्यंत सगळे एकाच दौऱ्यावर. त्या मैदानातल्या सतरा वर्षांच्या पोराने कोण कुणाचा कोण याचा हिशेब केला असेल असं मला वाटत नाही.

लोकप्रियतेचं आणखी एक कारण गावोगाव हिंडणं. ब्लॅक डेलियाने दौरे करकरून लोक जोडले, आणि गायक मंचावर राक्षसाचा आव न आणता चष्मा लावून, हसत यायचा. मेटलमध्ये हे दुर्मिळ. 2022 मध्ये स्ट्रनाड वारला, अवघ्या एकेचाळिसाव्या वर्षी. नंतर गिटारवादक ब्रायन एशबाखने माइक हातात घेतला आणि 2024 मध्ये पुढचा अल्बमही आला. नुसत्या नकलेवर इतकी वर्षं लोक टिकत नाहीत. कुठेतरी पुढे स्वतःचं सापडलं असणार, आणि ते कुठे हे तुम्हीच ऐकून शोधायचं आहे. 2007 चा 'नॉक्टर्नल' घ्या. नवा ड्रमर शॅनन लुकस आलेला, वेग आणखी वाढलेला. वहीत त्याचंही पान करा. चालीचे रकाने किती रिकामे राहतात ते बघा.

स्वतः वाजवत असाल तर

ही वही बँड असलेल्या पोरांना जास्त उपयोगी. नक्कल करायचीच आहे, सगळे करतात, तर डोळे उघडे ठेवून करा. मी हा अभ्यास देते: मूळ अल्बममधली चार मात्रांची एक रिफ घ्या. आधी तिचा ताल तसाच ठेवा आणि सूर बदला. नंतर उलट, सूर तसेच आणि ताल बदला. दोन्ही फोनवर रेकॉर्ड करून मित्राला ऐकवा आणि विचारा, कुठली ओळखीची वाटते? बऱ्याचदा ताल ठेवलेली पकडली जाते, आणि पोरं चकित होतात, कारण त्यांना वाटत असतं चोरी सुरांची असते. ज्यात ओळख लपलेली आहे तेवढंच बदला, बाकी खुशाल ठेवा.

दुसरं, थाट तोच ठेवून एखादा सूर आपल्या कानातला आणा. मायनरमध्ये रे कोमल करून बघा, सगळं भैरवीकडे झुकतं. माझ्या त्याच विद्यार्थ्याने असा एक तुकडा बांधला आहे, खाली मोकळी जाड तार खर्जासारखी वाजत राहते आणि वर कोमल रे येऊन जाऊन डोकावतो. चांगला आहे. त्याच्या डोक्यावर त्याने स्वतःच लिहिलं, चाल: ॲट द गेट्स, आजीची भैरवी.

तारांचंही बोलून ठेवते, कारण यावरूनच सगळ्यात जास्त फोन येतात. हा आवाज मिळवायला गिटार खाली उतरवावी लागते, बरेचजण जाड तार सी सुरापर्यंत उतरवतात. नेहमीच्या दहाच्या (पातळ तारांच्या) सेटवर ते करू नका, तारा लोंबतात आणि सूर हलतो. त्याहून जाड, अकराचा किंवा बाराचा सेट लावा. जाड तार नटच्या (नेकच्या टोकाला तारा जिच्यावर टेकतात त्या पट्टीच्या) खाचेत बसते का ते बघा, नाहीतर खाच योग्य मापाने घासून घ्यावी लागेल. ते घरी कानसने करू नका, कारागिराकडे द्या. तारांचा ताण बदलला की नेकचा बाक बदलतो, म्हणून ट्रस रॉड (नेकच्या आतली सळई) आणि इंटोनेशन (वरच्या पट्ट्यांवरही सूर खरा लागणं) नव्याने लावून घ्या. पुण्यात जून ते सप्टेंबर हवेतल्या दमटपणाने नेक तसाही हलतो, तेव्हा सेटअप पावसाळा लागल्यावर, हवा एकसारखी दमट झाली की करून घेतलेला बरा. मे महिन्यात केलेला जुलैत परत करावा लागतो.

जॅम पॅडवर, म्हणजे सरावाच्या भाड्याच्या खोलीत, तासाचे पैसे मोजत असाल तर गेन (ॲम्पवरचं खरखर वाढवणारं बटण) कमी ठेवा. घरी एकट्याने वाजवताना जितका लागतो त्याच्या निम्मा पुरतो. दोन गिटार एकत्र आल्या की जास्तीच्या गेनमध्ये ती जोडीची हार्मनी विरघळते आणि दोघेही एकमेकांकडे बघत आवाज वाढवत बसतात. मिड, म्हणजे मधल्या पट्टीचा आवाज, कापू नका. ट्यूनर दोघांनी एकच वापरा. आणि ड्रमरला आधीच सांगा, कुठल्या ओळीला पळता ठेका आणि कुठल्या ओळीला ब्लास्ट, कारण तो ठरवेपर्यंत अर्धा तास गेलेला असतो आणि बाहेर पुढचा बँड पिशव्या घेऊन उभा असतो.